‘वायुनाशक’ या विशेषणाची चिकित्सा : वऱ्हाडातील घरगुती वनौषधीविचाराचा टीकात्मक अभ्यास

प्रस्तावना

अमरावती-अकोला परिसरातील घरांत जेवणानंतर पोट जड झाले, पोटात गुडगुडू लागले किंवा करपट ढेकर येऊ लागले, की औषधांच्या दुकानाआधी फोडणीचा डबा उघडला जातो. चिमूटभर ओवा पादेलोणाबरोबर चावून वर कोमट पाणी प्यावे, तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंग कालवून लावावा, सुंठ गुळात घोळून घ्यावी, जेवणाच्या शेवटी सोप चघळावी, हे उपाय कोणी शिकवावे लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका, पाटवड्या, कढीगोळे, गोळाभात असा डाळींवर उभा असलेला आहार ज्या प्रदेशाचा आहे, तेथे पोटातील वायूचा विचार स्वयंपाकाचाच एक भाग होऊन बसावा यात नवल नाही.

या विचाराला मराठीत लेखनाचीही मोठी परंपरा आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाने वनस्पतींचे गुण आणि त्यांचे उपाय मराठी घरांपर्यंत पोहोचविले. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ १९२७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या, दिवाळी अंकांतील सदरे, दिनदर्शिकांची मागील पाने आणि घरगुती उपायांच्या छोट्या पुस्तिका यांतून हे लेखन अक्षरशः घरोघर गेले. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो हा शेवटचा, सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला गेलेला थर. त्यातील विधाने खोटी आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. बरीचशी विधाने कोणत्या ना कोणत्या अर्थाने खरीच आहेत. आक्षेप आहे तो त्या विधानांच्या अटी गळून पडण्याविषयी. मात्रा, वेळ, अनुपान आणि निषेध या चार गोष्टी काढून टाकल्या म्हणजे औषधाचे नुसते नाव उरते, आणि नावाने गुण येत नाही.

‘वायू’ म्हणजे नेमके काय?

या लेखनातील पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आयुर्वेदातील ‘वात’ हा शरीरातील गती, वेदना, रूक्षता इत्यादींचा नियामक मानलेला दोष आहे. आतड्यात साठणारा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांचे मिश्रण म्हणजे वात नव्हे. संहितांना पोटफुगी ठाऊक होती. ‘आध्मान’ आणि ‘आनाह’ अशा स्वतंत्र संज्ञा त्यांनी तिच्यासाठी वापरल्या आहेत. परंतु सदरलेखनात ‘वातहर’ या शब्दाचे भाषांतर सर्रास ‘गॅस कमी करणारे’ असे केले जाते. याचा परिणाम लसणाच्या बाबतीत मोठा गमतीदार दिसतो. लसूण शास्त्रात वातहर म्हटला आहे, म्हणून तो गॅसवरील उपायांच्या प्रत्येक यादीत मानाने बसतो. प्रत्यक्षात लसूण व कांदा यांतील फ्रुक्टान नावाची शर्करामालिका लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवितात, आणि ज्यांचे आतडे संवेदनशील आहे त्यांची पोटफुगी त्यामुळे वाढते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या आहारपद्धतीत अशा रुग्णांना सुरुवातीच्या काळात हे दोन्ही पदार्थ वगळावयास सांगतात. संधिवाताने दुखणाऱ्या गुडघ्यासाठी लसूण ‘वातहर’ आहे की नाही हा प्रश्न वेगळा. पोटातील वायूच्या यादीत तो केवळ शब्दसाधर्म्याने आला आहे.

याउलट हरभरा, वाटाणा, वाल ही कडधान्ये शास्त्राने वातकर म्हटली आणि वऱ्हाडातील प्रत्येक घराचा अनुभवही तोच आहे. येथे शब्दांचे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आले. त्या एका मेळावरून सगळीकडेच मेळ आहे असे मानले गेले असावे.

जुन्या ग्रंथांची शिस्त

‘पाचक’, ‘वायुनाशक’, ‘पोटाला उत्तम’ ही विशेषणे आजच्या लेखनात आलटून पालटून येतात. आले पाचक, जिरे पाचक, हिरडा पाचक, पुदिना पाचक. शार्ङ्गधरसंहिता मात्र या ठिकाणी कमालीची काटेकोर आहे. तिने दीपन आणि पाचन वेगळे केले. जे अग्नी प्रदीप्त करते पण आम पचवीत नाही ते दीपन, आणि त्याचे उदाहरण मिशी. जे आम पचविते पण अग्नी वाढवीत नाही ते पाचन, आणि त्याचे उदाहरण नागकेशर. दोन्ही कामे करणारा चित्रक. मळाचा परिपाक करून त्याला खाली सरकविणारे ते अनुलोमन, त्याचे उदाहरण हिरडा. भूक न लागणे, खाल्लेले तसेच राहणे आणि पोट साफ न होणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत हे या वर्गीकरणामागचे साधे निरीक्षण होय. बद्धकोष्ठामुळे ज्याचे पोट फुगले आहे त्याला ओवा देऊन उपयोग नाही. त्याला हिरड्याची वा इसबगोलाची गरज असते, आणि इसबगोलही पुरेशा पाण्याविना किंवा एकदम जास्त घेतल्यास पोटफुगी वाढवू शकतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दशेमानींतही हीच दृष्टी आहे. ‘दीपनीय’ गणात पिंपळी, सुंठ, मिरे, अजमोदा, चित्रक यांच्यासह हिंगही आहे. ‘शूलप्रशमन’ गणात यांपैकी अनेक द्रव्ये पुन्हा येतात, हिंग मात्र येत नाही. दोन याद्या जवळजवळ सारख्या असूनही त्या दोन का ठेवल्या, हा प्रश्न सदरलेखकाला पडत नाही. भूक वाढविणे आणि कळ थांबविणे यांत चरकाने भेद केला, तो आजच्या लेखनात मावळला आहे.

अटींचे महत्त्व हिंग्वाष्टक चूर्णावरून अधिक स्पष्ट होते. अष्टांगहृदयातील गुल्मचिकित्सेत हा योग येतो. सुंठ, मिरे, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन प्रकारचे जिरे आणि हिंग अशी ही आठ द्रव्ये. ते घ्यावयाचे जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि तुपासह. आज हेच चूर्ण जेवण झाल्यावर, पोट जड झाले की, पाण्याबरोबर घेतले जाते. सदरांतही तसेच सांगितले जाते. म्हणजे नाव शास्त्राचे आणि वापर स्वतःचा. एवढे बदलल्यानंतर गुण आला नाही तर दोष शास्त्राला द्यावा की लेखनाला, हा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. भर म्हणून, अजमोदा आणि ओवा या भिन्न वनस्पती असूनही बाजारात आणि लेखांत त्यांची नावे एकमेकींच्या जागी येत राहतात.

अंजनगावची पानपिंपरी

या विषयात वऱ्हाडचा संबंध केवळ खाणाऱ्याचा नाही, पिकविणाऱ्याचाही आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पिंपळीची शेती होते. स्थानिक नाव पानपिंपरी. विड्याच्या पानांचे मळे राखणाऱ्या बारी समाजाने नागवेलीच्या जोडीनेच ही वेल जोपासली. दोन्ही वेली एकाच कुळातील, दोघींनाही सावली, ओल आणि आधार हवा. वऱ्हाडच्या उन्हात हे तिन्ही मिळवून देणे म्हणजे रोजचे कष्ट आहेत. मळ्यात पांगारा, शेवरी यांसारखी झाडे लावून त्यांच्या सावलीत व आधाराने वेल वाढवावी लागते. तयार झालेली पिंपरी तोडून उन्हात वाळविली जाते आणि मग मोठ्या बाजारपेठांकडे जाते. वाळविण्याच्या या साध्या कृतीला शास्त्रातही अर्थ आहे. चरकाने ओली पिंपळी मधुर, जड व कफ वाढविणारी, तर वाळलेली तिखट, उष्ण व कफवात कमी करणारी सांगितली आहे.

या पिंपळीविषयीच चरकाच्या विमानस्थानात एक महत्त्वाचा निषेध आहे. पिंपळी, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात व सतत वापरू नयेत. तात्काळ गुण येतो, पण सततच्या वापराने दोष साचतो, असे त्याचे कारण दिलेले आहे. पिंपळीचा रसायन म्हणून वापर सांगितला आहे तेथेही रोज ठराविक संख्येने वाढवत नेऊन पुन्हा तशाच क्रमाने उतरविण्याची मोजदाद आहे. मनाला येईल तेवढी आणि येईल तितके दिवस, असे कोठेही नाही.

आता बाजारातील कोणत्याही पाचक चूर्णाकडे पाहावे. त्यात त्रिकटू असते, म्हणजे पिंपळी आली. अनेकांत खाण्याचा सोडा किंवा दुसरा एखादा क्षार असतो. पादेलोण किंवा सैंधव तर असतेच. चरकाने ज्या तीन गोष्टींचा अतिवापर नाकारला, नेमक्या त्याच तीन एका डबीत भरून ‘शास्त्रोक्त’ म्हणून रोज दोन वेळा घेण्यास सांगितल्या जातात. शास्त्राचा आधार घेऊन शास्त्राचाच निषेध मोडण्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. मराठी सदरलेखनाने या चूर्णांची भलामण करताना विमानस्थानातील हे स्थळ उद्धृत केल्याचे सहसा आढळत नाही.

आधुनिक औषधशास्त्र या निषेधाला वेगळ्या वाटेने पुष्टी देते. पिंपळी व मिरे यांतील पायपरीन हे द्रव्य यकृतातील व आतड्यातील औषधे मोडणाऱ्या विकरांना अडविते. त्यामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. जम्मू येथील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने याच गुणाचा उपयोग करून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅमवर आणणारे संयुक्त औषध विकसित केले आणि ते २००९ साली बाजारात आले. भारतीय संशोधनाचे हे उल्लेखनीय यश आहे. परंतु हाच गुण उलट बाजूने पाहिल्यास चिंतेचा आहे. अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल, दम्यावरील थिओफिलिन यांचेही प्रमाण पायपरीनमुळे वाढते हे दाखविले गेले आहे. फोडणीतील चार मिऱ्यांची ही गोष्ट नाही. परंतु निवृत्तीच्या वयाचा, दोन-तीन गोळ्या नियमित घेणारा माणूस महिनोन्महिने त्रिकटूयुक्त चूर्ण घेतो, तेव्हा ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. आणि त्याच डबीतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला मोजावे लागते ते वेगळेच.

पोटात वायू किती असतो?

सदरलेखनाचे एक गृहीत असे आहे की, पोट फुगल्यासारखे वाटणे म्हणजे आत वायू अधिक असणे. १९७५ साली अमेरिकेतील लासर, बाँड आणि लेव्हिट यांनी आतड्यातून आरगॉन वायू सोडून आतील वायू बाहेर काढला व मोजला. ज्यांची पोटफुगीची व दुखण्याची तक्रार होती आणि ज्यांची नव्हती, त्या दोन्ही गटांत वायूचे आकारमान सरासरीने २०० मिलिलिटरच्या आतच आणि जवळजवळ सारखे निघाले. फरक होता तो वायूच्या आतड्यातील वहनात आणि तो सोसण्याच्या क्षमतेत. पुढे बार्सिलोना येथील संशोधकांनी दाखविले की, अशा अनेक रुग्णांत श्वासपटल खाली सरकते व पोटाची भिंत सैल पडते. त्यामुळे वायू फारसा न वाढताही पोट पुढे आलेले दिसते.

हे निष्कर्ष महत्त्वाचे अशासाठी की, त्यांमुळे वनस्पतिज उपायांचे खरे स्थान कळू लागते. ओव्यातील थायमॉल वा पुदिन्यातील मेंथॉल आतड्यातील वायू ‘नाहीसा’ करीत नाही. वायू नाहीसा होण्यास तो रक्तात शोषला जावा लागतो किंवा बाहेर जावा लागतो. मेंथॉल आतड्याच्या गुळगुळीत स्नायूतील कॅल्शियमचे मार्ग अडवून त्या स्नायूला सैल करते. पेटका सुटला की वायू पुढे सरकतो आणि दुखणे कमी होते. ‘वायुनाशक’ या शब्दापेक्षा जुना ‘शूलप्रशमन’ हा शब्द या क्रियेला कितीतरी जवळचा आहे.

प्रयोगांची साक्ष

आधुनिक प्रयोगांचा दाखला देताना सदरलेखनात आणखी एक सवय दिसते. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ एवढेच लिहावयाचे. कोणते संशोधन, किती लोकांवर, कशाशी तुलना करून, याचा उल्लेख नाही. तो केला तर चित्र पुष्कळसे संमिश्र निघते.

आल्याचे उदाहरण बोलके आहे. तैवानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपचनाच्या ११ रुग्णांना १.२ ग्रॅम आले दिले असता जठर लवकर रिकामे झाले. वाक्य येथे थांबविले तर आले सिद्ध झाले. पण त्याच अभ्यासात रुग्णांना जाणवणाऱ्या लक्षणांत फरक पडला नाही. जठर रिकामे होणे हे यंत्राला दिसते, पोट हलके वाटणे हे माणसाला. घरगुती उपाय दुसऱ्यासाठी घेतला जातो.

जिऱ्याच्या अर्कावर इराणमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५७ रुग्णांची पोटफुगी व दुखणे कमी झाल्याचे आढळले. परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. आतड्याच्या अशा तक्रारींत नुसत्या बिनऔषधी गोळीनेही सुमारे ४० टक्के रुग्णांना बरे वाटते हे ध्यानात घेतले, तर तुलनागटाविना केलेले विधान कितपत पेलते हे सांगावयास नको. पुदिन्याच्या तेलाचे पारडे तुलनेने जड आहे. अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ते सुचविले, मात्र पुराव्याची प्रत कमी असल्याचे नमूद करून. तत्पूर्वी २०२० साली नेदरलँडमधील १९० रुग्णांवरील चाचणीत मुख्य निकषावर पुदिन्याचे तेल बिनऔषधी गोळीपेक्षा निर्णायक ठरले नव्हते. शिवाय या चाचण्या आवरणयुक्त कॅप्सूलमधील तेलाच्या आहेत, पुदिन्याच्या चटणीच्या नव्हेत. जळजळीचा त्रास असणाऱ्याला पुदिना उलट बाधू शकतो, कारण तो अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायूही सैल करतो.

बडीशेपेच्या बाबतीत तान्ह्या मुलांवरील रशियातील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बडीशेपेच्या तेलाचा अत्यल्प अंश असलेले मिश्रण दिलेल्या बाळांपैकी ६५ टक्क्यांची पोटशूळाची रड थांबली, तर बिनऔषधी मिश्रण घेतलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांची. निकाल चांगला आहे. तरीही सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही न देण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्यामुळे रद्द होत नाही. वऱ्हाडात बाळाला गुटी उगाळून देण्यापेक्षा बाळंतिणीला शेपा-ओवा देण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने अधिक निर्धोक म्हणावी लागेल.

ओव्यावर मात्र माणसांवरचे चांगले तुलनात्मक प्रयोग फारच थोडे आहेत. ज्या वनस्पतीवर वऱ्हाडाचा सर्वाधिक विश्वास आहे तिच्याविषयी सर्वांत कमी मोजमाप झाले आहे. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. अमरावतीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, रसायनशास्त्र आणि गृहविज्ञानाचे विभाग चालविणारी महाविद्यालये आहेत. ओव्याची मात्रा, वेळ आणि परिणाम मोजण्यास लागणारे मनुष्यबळ याच दोन शहरांत उपलब्ध आहे. महाविद्यालयीन शोधनिबंधांत वनस्पतींच्या याद्या आणि ‘पारंपरिक उपयोग’ यांचे संकलन विपुल होते. त्यातील एका उपायाची परीक्षा मात्र अपवादानेच होते.

स्वयंपाकघर अधिक शास्त्रशुद्ध

लेखनावर एवढी टीका केल्यानंतर आचाराकडे वळले असता वेगळेच दिसते. वऱ्हाडी स्वयंपाकघराने अटी जपल्या आहेत.

डाळींमुळे वायू होण्याचे मुख्य कारण म्हणजे रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज या शर्करा. त्या तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसायडेझ हे विकर माणसाच्या आतड्यात नसते. या शर्करा मुख्यतः दाण्याच्या दळात असतात, टरफलात नव्हे. त्यामुळे अकोल्याच्या डाळ गिरण्यांतून सालपट निघून आलेली डाळ चोख असली तरी या बाबतीत निर्दोष होत नाही. शर्करा पाण्यात विरघळतात, म्हणून अख्खी कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून देणे आणि मोड आणणे हे दोन्ही उपाय थेट कारणावर घाव घालतात. घरात हे रोज होते. सदरांत मात्र भिजविण्याचे पाणी ‘पौष्टिक’ म्हणून वापरण्याचा सल्ला अनेकदा येतो. काही जीवनसत्त्वे त्या पाण्यात जातात हे खरे. पण ज्याला पोटफुगीचा त्रास आहे त्याच्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे. डाळ वा कडधान्याचे प्रमाण हळूहळू वाढविले तर आतडे काही आठवड्यांत सरावते, हाही अनुभवाचाच भाग आहे.

फोडणीचेही तसेच. हिंग, जिरे, ओवा यांतील सुगंधी तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. गरम तेलात क्षणभर पडलेला हिंग आपला उग्र दर्प टाकून पदार्थभर पसरतो. रोडग्यांच्या कणकेत ओवा चुरून घालणे, झुणक्याच्या फोडणीत हिंग-जिरे घालणे, यांत द्रव्य जेवणाबरोबरच, अल्प मात्रेत आणि स्निग्धासह पोटात जाते. पहिल्या घासाला तुपाबरोबर हिंग्वाष्टक घ्यावे या वाग्भटाच्या सूचनेचे तीनही अंश येथे सुरक्षित आहेत. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने अष्टांगहृदय वाचलेले नसते आणि तिला ते वाचण्याची गरजही पडलेली नाही.

हिंगाविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवावी. ज्या द्रव्याला आपण अस्सल देशी मानतो ते अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान येथून येत राहिले. भारतात त्याच्या लागवडीचा प्रयत्न हिमाचलातील लाहौल खोऱ्यात २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला. बाजारातील बांधणी हिंगात पीठ आणि डिंक यांचाच भाग मोठा असतो. तेव्हा ‘चिमूटभर हिंग’ ही मात्रा डबीगणिक बदलते. गव्हाचे पीठ सोसत नसलेल्या रुग्णाने तर डबीवरील घटक वाचूनच हिंग घ्यावा.

‘गॅस’ या शब्दाचा धोका

आतापर्यंतचा दोष वैचारिक म्हणून सोडून देता आला असता. परंतु एका ठिकाणी तो जिवावर बेततो. वऱ्हाडात, किंबहुना महाराष्ट्रभर, छातीच्या मध्यापासून बेंबीपर्यंतच्या कोणत्याही दुखण्याला ‘गॅस झाला’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. हृदयाच्या खालच्या भागातील रक्तपुरवठा बंद पडला असता दुखणे पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात, मळमळ व ढेकरांसह जाणवते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत ते याहूनही अस्पष्ट असू शकते. अशा वेळी ओवा खाल्ला जातो, सोडा प्यायला जातो, ढेकर येतो, किंचित बरे वाटते आणि पहाटेपर्यंत वाट पाहिली जाते. रक्ताची गुठळी विरघळविणारे उपचार पहिल्या काही तासांतच सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि तेच तास ओव्यात जातात. मेळघाटच्या पायथ्याच्या गावातून अमरावतीपर्यंत किंवा अकोटहून अकोल्यापर्यंत यावयास लागणारा वेळ त्यात मिळविला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

पन्नाशीच्या पुढील स्त्रीचे पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहत असेल, थोडे खाऊनच पोट भरत असेल, तर बीजाशयाच्या कर्करोगाची तपासणी करावी असे इंग्लंडमधील अधिकृत मार्गदर्शिका २०११ पासून सांगत आली आहे. मराठी सदरांत त्याच लक्षणाला जिऱ्याचे पाणी सांगितले जाते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, सतत उलट्या, यांतील काहीही सोबत असेल तर घरगुती उपायाचे प्रकरण तेथेच मिटते. ही चार-पाच वाक्ये छापण्यास दोन इंचांहून अधिक जागा लागत नाही. तरीही उपायांच्या यादीखाली ती क्वचितच छापली जातात.

ओव्याची नोंद पुरवणीत साधारणतः एका ओळीची असते, ‘ओवा वायुनाशक असून रोज खावा’. तीच नोंद अटींसह अशी करता येते : जड जेवणानंतर कळ येऊन पोट फुगल्यास पाव ते अर्धा चमचा ओवा चावून कोमट पाण्याबरोबर घ्यावा. रक्तदाब असल्यास मिठाविना घ्यावा. आंबट ढेकर व जळजळ असल्यास घेऊ नये. पोट साफ होत नसल्यास आधी त्याकडे पाहावे. गर्भवती स्त्रीने औषधी मात्रेत घेऊ नये, तान्ह्या बाळास देऊ नये. दुखणे छातीत, डाव्या हातात वा जबड्यात जात असेल, घाम सुटत असेल किंवा चालताना वाढत असेल, तर ओवा न घेता तत्काळ दवाखाना गाठावा. आठवड्यातून दोनदा-तीनदा ओव्याची गरज पडू लागल्यास ओवा बदलण्यापूर्वी ताटातील डाळ, ती भिजविण्याची वेळ आणि खाण्याची घाई तपासावी.